लाल पेशीतला गोतावळा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचं नाव 'मानवी रक्तपेशींतील प्रथिनांच्या परस्परसंबंधांचे संगणकीय विश्लेषण' असं छापलं आहे. ते वाचूनही आपण आलात, याबद्दल आधी आभार मानतो. आम्ही सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आणि रक्तपेढीत काम करणारी माणसं, डिप्लोमा करून या कामाला लागलेली. संगणकावर हे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ वेगळे. पण ज्या रक्ताचे नकाशे निघतात ते रक्त रोज आमच्या हातातून जातं, नळीत भरलं जातं, काचपट्टीवर पसरलं जातं. त्या बाजूने हा विषय कसा दिसतो ते सांगायचा बेत आहे. मध्ये कुणाला काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा.

शाळेत आपण सगळे शिकलो की लाल रक्तपेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी. ते काही खोटं नाही. या पेशीच्या पोटात जी प्रथिनं विरघळलेली असतात, त्यांत शेकडा ९५ हून अधिक वाटा एकट्या हिमोग्लोबिनचा. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि अशा पेशी आपल्या प्रत्येकाच्या अंगात वीस ते पंचवीस लाख कोटी. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार होतात. रक्तात उतरण्याआधी ही पेशी एक विलक्षण गोष्ट करते: आपलं केंद्रक टाकून देते. केंद्रक गेलं म्हणजे जनुकांची पोथी गेली. नवं प्रथिन बनवायचं तर आता पाहायचं कुठे? म्हणजे जी भांडीकुंडी घेऊन घराबाहेर पडली, त्यांवरच तिला पुढचा सगळा संसार करायचा. तो संसार साधारण १२० दिवसांचा. तेवढ्या काळात ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून हजारो वेळा जाते. प्लीहेतल्या फटी तर जेमतेम एक मायक्रॉन रुंदीच्या, आणि पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन. दर वेळी चेपून, लांब होऊन पलीकडे निघायचं आणि पुन्हा आपल्या आकारावर यायचं. नुसत्या पिशवीला हे जमणार नाही.

प्रथिन म्हटलं की डाळ आणि पनीर आठवतं. पेशीत मात्र प्रत्येक प्रथिन म्हणजे ठरावीक आकाराचा, ठरावीक कामाचा गडी. लाल पेशीत असे गडी किती जातींचे? २००४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या डॉ. स्टीव्हन गुडमन यांच्या गटाने मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राने मोजले, तेव्हा १८१ सापडले. हे यंत्र प्रथिनांचे तुकडे करून वजनावरून ते ओळखतं. २००७ साली त्याच गटाने केलेल्या एकत्र यादीत ७५१ नावं होती. २०१७ पर्यंत दुसऱ्या संशोधकांची यादी अडीच हजारांच्या पुढे गेली. यंत्र सुधारलं तशी यादी वाढली.

इथे आमच्यासारख्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो नमुन्याचा. नमुना किती स्वच्छ होता? आपल्या रक्तात सहाशे-सातशे लाल पेशींमागे एखादी पांढरी पेशी असते, आणि वीसेक लाल पेशींमागे एखादी प्लेटलेट. पांढरी पेशी केंद्रकवाली, तिच्यात हजारो जातींची प्रथिनं. लाल पेशी वेगळ्या करताना मूठभर पांढऱ्या मागे राहिल्या, तर त्यांची प्रथिनं लाल पेशीच्या यादीत जाऊन बसणार. यंत्र इतकं तल्लख की ते त्यांनाही पकडणार, आणि संगणक ती नावं मुकाट्याने नोंदवणार. म्हणून चांगले संशोधक रक्त आधी गाळण्यांतून पुन्हा पुन्हा गाळून घेतात. आम्हाला विचाराल तर अडीच हजार या आकड्यापेक्षा ती गाळणी जास्त महत्त्वाची. अर्थात हे लॅबवाल्याचं मत झालं.

आता नात्यांकडे वळू. नुसती नावांची यादी म्हणजे मतदार यादी. कोण कुणाचा मामा आणि कोण कुणाचा व्याही, हे तिच्यात नसतं. पेशीत तर सगळं काम नात्यांवर चालतं. एक प्रथिन दुसऱ्याला चिकटतं, त्याला धरून ठेवतं, त्याला कापतं, नाहीतर वाटेवरून बाजूला सारतं. ही नाती शोधायच्या पद्धती आहेत. एक म्हणजे प्रतिपिंडाच्या मदतीने एका प्रथिनाला ओढून काढायचं आणि त्याच्या पदराला धरून कोण कोण येतं ते बघायचं. दुसरी १९८९ सालची. यीस्टच्या पेशीत दोन प्रथिनं घालायची. ती एकमेकांना चिकटली तरच एक जनुक जागं होतं आणि आपल्याला खूण मिळते. अशा प्रयोगांचे हजारो शोधनिबंध जगभर छापून आले. ते वाचून एका जागी कोण नोंदवणार? या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सने, डॉ. अखिलेश पांडे यांच्या पुढाकाराने, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर मानवी प्रथिनांची एक मोठी संदर्भवही तयार केली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. जीवशास्त्र शिकलेली तरुण मुलंमुली निबंध एकेक करून वाचत आणि हे प्रथिन त्या प्रथिनाला चिकटतं, अशी नोंद करत. आपण 'संगणकीय विश्लेषण' म्हणतो खरं, पण त्याच्या मुळाशी खुर्चीत बसून वाचणारी माणसं आहेत.

गुडमन यांच्या गटाने आपली यादी अशा नोंदींशी लावून पाहिली. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक ठिपका, नातं असेल तिथे एक रेघ. मग कुठे ठिपके विरळ आहेत आणि कुठे रेघांचं जाळं दाट झालं आहे, हे संगणकाला विचारलं. लाल पेशीच्या नकाशात एक भाग फार दाट निघाला. बिघडलेल्या प्रथिनाची घडी पुन्हा नीट बसवणारी प्रथिनं, आणि दुरुस्त न होणाऱ्याचे तुकडे करणारी यंत्रणा, असा हा मोहल्ला. त्याला त्यांनी 'दुरुस्त करा किंवा नष्ट करा' अशा अर्थाचं नाव दिलं. वर म्हटलं तसं, या पेशीला नवं भांडं घेता येत नाही. मग तिच्या घरात कल्हईवाला आणि भंगारवाला यांचीच वर्दळ जास्त असणार, हे पटण्यासारखं आहे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, नकाशा झकास आहे, पण आजारी माणसाला याचा काय उपयोग? त्यासाठी एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही.

आठ-नऊ वर्षांची मुलगी. डोळे पिवळट. वर्षातून दोनदा कावीळ झाली म्हणून पथ्य, उसाचा रस, कुणी सांगितलं म्हणून झाडफूंक, कुणी दिली म्हणून गळ्यात माळ. यकृताच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही सापडेना. आमच्याकडे रक्त आलं आणि स्लाइड लावली. निरोगी लाल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मेदूवड्यासारखी दिसते, फक्त मधे भोकाऐवजी फिकट ठिपका. या मुलीच्या बऱ्याच पेशी लहान, गच्च, गोल गोट्या. मधला फिकटपणा नाहीच. बरोबर वडील आले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, आपलं पित्ताशय पंचविशीतच काढलं, आत खडे होते. आणि आजी? "आमची आई जन्मभर अशीच पिवळट होती, साहेब. आम्ही म्हणायचो, तिचा रंगच तसा." तीन पिढ्यांचा आजार, आणि घरातला एकही माणूस त्याला आजार म्हणत नव्हता. मुलीच्या आईला मात्र गेली काही वर्षं ऐकून घ्यावं लागत होतं, की हिच्याच खाण्यापिण्याने पोरगी अशी झाली.

या आजाराला वंशपरंपरागत स्फेरोसायटोसिस म्हणतात. सोपं म्हणजे गोल पेशींचा आजार. तो समजायला आपल्याच मांडवाकडे बघा. खाली बांबूंची चौकट, वर कापड, आणि कापड जागोजागी सुतळीने चौकटीला बांधलेलं. लाल पेशीचं तसंच आहे. वरचा पापुद्रा म्हणजे कापड. आतून त्याला आधार देणारी स्पेक्ट्रिन नावाच्या लांबट प्रथिनांची जाळी म्हणजे चौकट. कापडात शिवलेला कडा म्हणजे बँड थ्री नावाचं प्रथिन. कडा आणि चौकट यांना बांधणारी गाठ म्हणजे अँकिरिन. गाठ सैल पडली की वाऱ्याने कापड फडफडतं आणि फाटतं. पेशीचंही तेच होतं. पापुद्र्याचे बारीक तुकडे सुटून जातात. आतला ऐवज तेवढाच राहतो, वरचं कापड कमी पडतं, आणि पेशी फुगून गोटीसारखी होते. गोटी काही प्लीहेच्या फटीतून जात नाही. अडकते आणि मारली जाते. तिच्या हिमोग्लोबिनमधून पिवळं रंगद्रव्य निघतं. त्याने डोळे पिवळे होतात, त्याचेच पित्ताशयात खडे होतात. यकृत बिचारं निर्दोष असतं.

आता मुद्द्याचं. या आजारात कुठलं प्रथिन बिघडलेलं असतं? काही घरांत अँकिरिन, काही घरांत स्पेक्ट्रिन (त्याचे दोन प्रकार, दोन्ही बिघडू शकतात), काही घरांत बँड थ्री, तर काहींत प्रथिन ४.२ नावाचा एक सहायक. पाच वेगळी जनुकं, पाच वेगळे दोषी, आणि आमच्या स्लाइडवर दिसते ती एकच गोटी. कारण पाचही जण एकाच गाठीला हात लावून उभे आहेत. दोषी एकेकटा शोधत बसलात तर पाच आजार दिसतील. नातं बघितलंत तर आजार एकच.

हे फक्त पुस्तकी नाही. २००० साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी या आजारासाठी एक तपासणी पुढे आणली. इओसिन मॅलिमाइड नावाचा चमकणारा रंग लाल पेशींना लावायचा आणि फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात चमक मोजायची. हा रंग मुख्यतः बँड थ्रीला चिकटतो. गंमत अशी की दोष अँकिरिनमध्ये असो वा स्पेक्ट्रिनमध्ये, चमक बहुतेक वेळा कमीच येते. गाठ सुटली की कापडाबरोबर कडेही जातात ना! दोषी कोण ते कळलं नाही तरी निदान बहुधा पक्कं होतं. त्या मुलीचं निदान मोठ्या केंद्रात असंच पक्कं झालं. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड सुरू केलं. प्लीहा काढायची की नाही, काढायची तर कधी, हे ती थोडी मोठी झाल्यावर ठरेल. आम्हाला समाधान आहे ते एका गोष्टीचं. आईला जो बोल लागत होता, तो स्लाइडने थांबवला.

नात्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या नियतकालिकात एका नव्याच रक्तगटाची माहिती दिली. तीन माणसं सापडली होती. तपासणीत गट ओ सारखा दिसे, पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी या खुणा पेशीवर एच नावाच्या पायावर उभ्या राहतात. या लोकांत एच बनवणारं एक प्रथिनच काम करत नाही. पाया नाही, म्हणून वरचा मजला नाही. जनुकात ए किंवा बी लिहिलेला असला तरी नाही. ओ गटवाल्यांत पाया असतो, म्हणून त्यांचं रक्त यांना परकं. भारतात साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा निघतो. आमच्याकडे असा रुग्ण आला की सगळी रक्तपेढी फोनला चिकटते.

आता संगणकाच्या युक्तीकडे येऊ, कारण तिच्यातच खरी मेख आहे. जाळ्याचं गणित जुनं आहे. १७३६ साली ऑयलर नावाच्या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवताना ते सुरू केलं. पूल केवढा, नदी किती रुंद, हे सगळं सोडून द्यायचं. कुठून कुठे जाता येतं एवढंच बघायचं. आपल्या इंदूरचंच घ्या. एरवी एखादी गल्ली बंद झाली तर कुणाला पत्ता लागत नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात आणि राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात, तेव्हा पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यालाही घरी पोचायला उशीर होतो. कारण राजवाड्याला जाऊन मिळणारे रस्ते फार. प्रथिनांचंही असंच असेल का? २००१ साली जोंग, बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या प्रथिनांवर हे तपासलं. पाच किंवा त्याहून कमी नाती असलेल्या प्रथिनांपैकी शेकडा २१ अशी होती की ती काढली तर पेशी मरते. पंधराहून जास्त नाती असलेल्यांत तो आकडा शेकडा ६२. या निबंधाचा फार बोलबाला झाला. चौकातलं प्रथिन शोधा, आजाराची किल्ली सापडेल, असं वातावरण तयार झालं.

पण एक पंचाईत आहे. आपल्या मंडळांतून वधूवरांची नोंदवही असते. जी घराणी दर मेळाव्याला येतात त्यांची सोयरीक वहीत पानभर दिसते. जे कधी येतच नाहीत त्यांच्या नावापुढे जागा रिकामी. म्हणून त्यांना नातेवाईकच नाहीत असं कुणी म्हणेल का? प्रथिनांच्या नोंदींत नेमकं हेच होतं. कर्करोगाशी संबंध आहे म्हणून एखाद्या प्रथिनावर हजारो निबंध निघतात, त्याची नाती भराभर नोंदली जातात आणि संगणकाला ते राजवाडा वाटू लागतं. ज्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही ते गल्लीच्या टोकाला पडून राहतं. म्हणजे नकाशा काही अंशी पेशीचा, आणि काही अंशी शास्त्रज्ञांच्या आवडीनिवडीचा. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी हे दाखवून दिलं आहे.

दुसरी पंचाईत लाल पेशीची स्वतःची. पुष्कळशी नाती प्रयोगशाळेत वाढवलेल्या भलत्याच पेशींत सापडलेली असतात. तिथे दोन प्रथिनं केंद्रकात भेटली अशी नोंद झाली, तर केंद्रक नसलेल्या लाल पेशीत ती भेटणार कुठे? जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत नंबर आहे, पण माणूस केव्हाच घर सोडून गेलेला, तसं हे. म्हणून अलीकडचं एक काम आम्हाला जास्त पटतं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने २०२२ साली लाल पेशीच हळुवार फोडून तिच्यातला माल अनेक तऱ्हांनी वेगळा केला आणि दर वेळी कोण कुणाच्या सोबत राहतं ते पाहिलं. संगणक तिथेही होता, पण नाती वहीतून न घेता रक्तातूनच घेतली होती.

नात्याचा शोध रक्तात घेतला की काय हाती लागतं, याचं एक उदाहरण थोडक्यात. मलेरियाचा फाल्सिपेरम जातीचा जंतू लाल पेशीत शिरताना तिच्यावरच्या कशाला हात घालतो, हे वर्षानुवर्षं कोडं होतं. दर वेळी एक दार सापडे आणि कळे, की ते बंद असलं तर जंतू दुसऱ्या दाराने येतो. २०११ साली इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. गॅव्हिन राइट यांच्या गटाने लाल पेशीवरची अनेक प्रथिनं जंतूच्या एका प्रथिनासमोर ओळीने उभी केली आणि बॅसिजिन नावाचं प्रथिन पकडलं. हे दार अडवलं की तपासलेल्या सगळ्या वाणांचे जंतू बाहेरच राहिले. त्यावर आधारलेल्या लसींच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत.

सिकल सेलचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण झाबुआ, आलीराजपूर, बडवानी या जिल्ह्यांतून अशी मुलं आपल्या शहरातल्या दवाखान्यांत येतात. तिथे बिघाड म्हणजे एक नको असलेलं नातं. हिमोग्लोबिनच्या साखळीत एकाच जागी एक घटक बदललेला असतो. प्राणवायू सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार करतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. पण अंगात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त उरलं असेल तर ते मधे शिरून दोर तोडतं. म्हणून दोन भावंडांचा रिपोर्ट अक्षर न् अक्षर सारखा, तरी एक दर महिन्याला दवाखान्यात आणि दुसरा शाळेच्या कबड्डी संघात, असं होऊ शकतं. शहडोल इथून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तेव्हापासून तपासणीची कार्डं वाटली जाताहेत. कार्डावर 'वाहक' लिहिलं असेल तर तो माणूस सर्वसाधारणपणे निरोगीच असतो. प्रश्न येतो तो दोन वाहकांच्या लग्नात, त्यांच्या दर बाळंतपणात चारात एक धोका असतो म्हणून. पण आम्ही असंही पाहिलं आहे की मुलगी वाहक म्हणून स्थळ मोडलं, आणि मुलाची तपासणी कुणी केलीच नव्हती.

शेवटचा विषय आमच्या रोजच्या भांडणाचा. "साहेब, ताजं रक्त द्या. जुनं नको." असं म्हणणारा नातेवाईक ज्या दिवशी येत नाही, असा दिवस रक्तपेढीत उगवत नाही. त्यांचं म्हणणं निराधार आहे असंही नाही. आम्ही लाल पेशी पोषक द्रावण घालून २ ते ६ अंश तापमानाला ठेवतो आणि त्या ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. एवढ्या काळात पेशी बदलते. थंडीत तिचा पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपतं. शक्तीचा साठा उतरतो. प्राणवायू सोडायला मदत करणारं एक रसायन तर दोन-तीन आठवड्यांत जवळपास संपतं. प्रथिनांचे नकाशे काढले तर आणखी काय काय दिसतं! गंज रोखणारी प्रथिनं आपली जागा सोडून पापुद्र्याकडे धावतात, बँड थ्रीला इजा होते, पापुद्र्याचे तुकडे सुटतात. मघाशी सांगितलेला मांडव पिशवीत सावकाश उसवत असतो. हे सगळं यंत्रावर स्पष्ट दिसतं, आणि ते बघून कुणीही म्हणेल, की जुनं रक्त घातक असलं पाहिजे.

मग ते रुग्णांवर तपासून पाहिलं गेलं. त्यातला सर्वांत मोठा अभ्यास २०१६ साली छापून आला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल आणि अमेरिका इथल्या रुग्णालयांतले २०,००० हून अधिक रुग्ण. कुणाला साठ्यातलं सर्वांत ताजं रक्त द्यायचं आणि कुणाला सर्वांत जुनं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ताजं म्हणजे सरासरी १३ दिवसांचं, जुनं म्हणजे सरासरी २४ दिवसांचं. ताजं मिळालेल्यांत रुग्णालयातले मृत्यू शेकडा ९.१, जुनं मिळालेल्यांत शेकडा ८.७. म्हणजे फरक नाही. त्याच सुमाराला अतिदक्षता विभागातल्या आणि हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर झालेले अभ्यासही हेच सांगतात. नकाशा चुकला का? नाही. नकाशात दिसलेले बदल खरेच होते. पण पेशी माणसाच्या अंगात परत गेली की ऊब मिळते, साखर मिळते, आणि त्या बदलांपैकी बरेचसे तासा-दिवसांत भरून निघतात. पिशवीतल्या पेशीचा नकाशा काढणाऱ्याला ती घरी परतल्यावर काय करते ते दिसणार कसं?

नवजात बाळं, नेहमी रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुलं, यांच्यासाठी कोणतं रक्त ते डॉक्टर वेगळं ठरवतात आणि त्यात आमची ना नसते. बाकी सगळ्यांसाठी जी पिशवी आधी आली ती आधी जाते. उगीच हट्ट करून जो तो ताजी पिशवी घेऊन गेला तर मागच्या पिशव्या मुदत संपून फेकाव्या लागतात, आणि त्या कुणीतरी आपल्या दंडातून दिलेल्या असतात. पुढच्या वेळी खिडकीवरच्या मुलाने २० दिवसांची पिशवी हातात ठेवली तर त्याच्यावर रागावू नका. तो आपल्या माणसाला कमी दर्जाचं काही देत नाही.

आता उद्याच्या शिबिराबद्दल. मंडळाच्या सभागृहात सकाळी नऊपासून आम्ही असू. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर. आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना तीन महिने आणि भगिनींना चार महिने झालेले हवेत. गणपतीचे दिवस आहेत, कुणाचा उपास असेल, पण उपाशीपोटी येऊ नका. मोदक खाऊन आलात तरी चालेल. ज्यांच्या घरात कुणाला वरचेवर कावीळ होते, लहान वयात पित्ताशयात खडे झाले किंवा प्लीहा वाढली आहे, त्यांनी बाजूच्या टेबलावर थांबावं. जांभळ्या झाकणाची एक छोटी नळी घेऊ आणि त्याच दिवशी स्लाइड बघू. आणि नोंदणीच्या टेबलावर गेल्या आठवड्यात घेतलेल्या औषधांबद्दल विचारतील, तेव्हा ॲस्पिरिनची गोळीसुद्धा सांगायला विसरू नका.